एसपीएफ ५० लावूनही चेहरा का भाजतो?

परीक्षा संपत आल्या की कट्ट्यावर प्लॅन शिजायला लागतात. कुणाचं अलिबाग, कुणाचं तारकर्ली, कुणाचा राजगड, आणि एका ग्रुपचं दरवर्षीचं ‘या वेळी गोवा नक्की’. बॅग भरायच्या यादीत हल्ली सनस्क्रीनही असतं. पण परत आल्यावर ग्रुपवर पडणारे फोटो बघा. नाकाचा शेंडा सोलवटलेला, गॉगलच्या जागी दोन फिकट गोल, कपाळाला हात लावला तरी आग. आणि खाली तक्रार ठरलेली : ‘‘लावलं होतं रे, एसपीएफ ५० होतं!’’

ही मंडळी खोटं बोलत नसतात. लावलेलं असतंच. भानगड आहे ती किती लावलं, केव्हा लावलं आणि त्या ट्यूबमध्ये खरंच ५० होतं का, यात. तुम्हीही यंदा चेहऱ्यासाठी सनस्क्रीन घ्यायला निघाला असाल, तर रील बघून ऑर्डर टाकण्याआधी हे वाचा. पैसे तुमचे जाणार आहेत आणि चेहराही तुमचाच आहे.

‘मी सावळा आहे, मला काय होतंय?’

हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल, कदाचित बोललाही असाल. त्यात थोडं तथ्य आहे. त्वचेतलं मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेतं, त्यामुळे गोऱ्या युरोपियन माणसापेक्षा आपल्याला भाजायला जास्त वेळ लागतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते त्यावरून तिचे प्रकार पाडले. आज ते सहा धरले जातात. पहिला प्रकार म्हणजे ऊन बघितलं की लाल होणारा, सहावा म्हणजे अगदी गडद. आपल्यापैकी बरेच जण चौथ्या-पाचव्यात बसतात. म्हणजे आपल्याला उशिरा भाजतं, पण भाजतं.

गोची अशी की सनबर्नची जी चित्रं आपण सिनेमात पाहिलीत, त्यात माणूस टोमॅटोसारखा लाल झालेला असतो. सावळ्या चेहऱ्यावर ती लाली दिसतच नाही. तिथे सनबर्न वेगळ्या पद्धतीने कळतो. चेहरा धुताना चुरचुरतं, गाल ताणल्यासारखे वाटतात, पंखा पूर्ण स्पीडला असूनही चेहरा गरम लागतो आणि तीन-चार दिवसांनी नाकाची, कपाळाची सालं निघतात. आपण त्याला ‘टॅन झालो’ म्हणून सोडून देतो.

त्यात हे सगळं उशिरा कळतं. उन्हात असताना फारसं काही जाणवत नाही. भाजल्याची लक्षणं तीन ते सहा तासांनी दिसायला लागतात आणि बारा ते चोवीस तासांनी ती सर्वांत जास्त असतात. किनाऱ्यावर दुपारभर व्हॉलीबॉल खेळलात, मजेत जेवलात, आणि रात्री परतीच्या बसमध्ये उशीला गाल टेकवल्यावर कळलं, असं होतं ते यामुळे.

अजून एक फसवाफसवी हवेतल्या गारव्याची आहे. ऊन किती गरम लागतंय आणि ते किती भाजणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णता देणारे किरण वेगळे, त्वचा भाजणारे अतिनील वेगळे. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. तिथे वारा झोंबत असतो म्हणून कुणी टोपी घालत नाही, आणि नेमकं तिथेच भाजतं. पातळ ढगांतूनही बरेचसे अतिनील किरण खाली येतात, म्हणून पावसाळी ट्रेकलाही सुट्टी नाही. समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू सुमारे पंधरा टक्के किरण परत वर फेकते. छत्रीखाली बसूनही हनुवटी का भाजली, याचं उत्तर तिथे आहे.

फोनमधल्या हवामानाच्या अॅपमध्ये ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा एक आकडा असतो. आपण पाऊस बघतो, तापमान बघतो, तो आकडा कुणी बघत नाही. तीनच्या वर गेला की जागतिक आरोग्य संघटना संरक्षण घ्यायला सांगते. आठच्या वर ‘अतितीव्र’ आणि अकराच्या वर ‘टोकाचा’. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या दुपारी तो अकरा ओलांडतो. अॅप नसेल तर आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन भाजणारं आहे. मे महिन्याच्या मध्यात मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. तो दिवस आपण बाटली उभी करून फोटो काढायला वापरतो. तोही उन्हात उभं राहून.

तो ५० नेमका कशाचा?

सनस्क्रीनची गोष्ट एका कॉलेजवयीन मुलाच्या सनबर्नपासूनच सुरू होते. फ्रान्झ ग्रायटर हा रसायनशास्त्र शिकणारा तरुण १९३८ साली स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सीमेवरचा पिझ बुइन नावाचा डोंगर चढला आणि चांगलाच भाजून निघाला. पुढे त्याने स्वतःच क्रीम बनवलं आणि १९४६ मध्ये ते ‘ग्लेशियर क्रीम’ म्हणून बाजारात आलं. त्याचा एसपीएफ आजच्या हिशेबाने जेमतेम २ असावा असं मानतात. क्रीम किती काम करतं हे आकड्यात सांगायची एसपीएफची पद्धत १९७४ मध्ये रूढ केली तीही ग्रायटरनेच.

हा आकडा काढतात असा : माणसाच्या पाठीवर, क्रीम न लावलेल्या आणि लावलेल्या जागी, कृत्रिम सूर्यप्रकाश टाकायचा आणि त्वचा लाल व्हायला किती मात्रा लागते ते बघायचं. क्रीम लावलेल्या जागी तीसपट मात्रा लागली तर एसपीएफ ३०. म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी एक तीसांश आत जातात, बाकी सुमारे ९७ टक्के अडतात. १५ ला हे प्रमाण साधारण ९३ टक्के, ५० ला ९८. तीस आणि पन्नासमध्ये फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

‘एसपीएफ ५० म्हणजे पन्नासपट वेळ बिनधास्त’ हे गणित मात्र डोक्यातून काढा. तो आकडा वेळेचा नाही, मात्रेचा आहे. सकाळी आठचा अर्धा तास आणि दुपारी एकचा अर्धा तास यांत मात्रेचा जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या पाठीला घाम येत नाही, ती रुमालाने नाक पुसत नाही, हेल्मेट चढवत-उतरवत नाही.

आणि एसपीएफ सांगतो तो मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल, म्हणजे जे भाजतात त्यांच्याबद्दल. यूव्हीए नावाचे दुसरे किरण त्वचेत खोलवर जातात, काळे डाग आणि अकाली सुरकुत्या हे त्यांचं काम. खिडकीची साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए आत सोडते. रोज एसटीच्या किंवा कॉलेज बसच्या खिडकीत बसणाऱ्यांनो, तुम्ही भाजत नाही पण काळवंडता ते यामुळे. यूव्हीएसाठी डब्यावर ‘पीए’ आणि पुढे अधिकची चिन्हं बघायची. ही जपानची पद्धत. चार अधिक म्हणजे सर्वांत वरची पायरी. युरोपातल्या ट्यूबवर गोलात ‘यूव्हीए’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. यातलं काहीच नसेल आणि नुसताच मोठा एसपीएफ असेल, तर ती ट्यूब परत ठेवा.

दोन बोटांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहरा, कान आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास. हे मोजायला तराजू लागत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढा. तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा ‘एवढं?’ असंच वाटेल. हो, एवढं. एकदम जमत नसेल तर आधी एका बोटाचं लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बोटाचं.

प्रत्यक्षात लोक याच्या निम्मं किंवा पाव लावतात, हे जगभरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि निम्मं लावलं म्हणून ५० चे २५ होतील असंही नाही, ते त्याहूनही खाली जाऊ शकतात. फाउंडेशन किंवा मॉइश्चरायझरवर एसपीएफ लिहिलेलं असतं त्याचंही हेच. तो आकडा मिळवायला फाउंडेशनचा जेवढा थर द्यावा लागेल, तेवढा कुणी लग्नातही देत नाही.

तुमची मैत्रीण अभिमानाने सांगत असेल की तिची पन्नास ग्रॅमची ट्यूब चार महिने पुरली, तर तिचं गणित करा. पन्नास भागिले एकशेवीस, म्हणजे दिवसाला चाळीस-बेचाळीस शतांश ग्रॅम. हवं त्याच्या एक तृतीयांश, तेही दिवसातून एकदाच लावत असेल तर. ट्यूब काहीही भारीतली असो, या मात्रेत ती फक्त सुगंधी मॉइश्चरायझर आहे.

आणि इथेच आपल्या खिशाचा प्रश्न येतो, ज्याबद्दल सौंदर्याच्या पानांवर कुणी बोलत नाही. साडेचारशे रुपयांची पन्नास ग्रॅमची ट्यूब धरू. पूर्ण मात्रेत चाळीसेक वेळा लावता येईल. म्हणजे एका वेळेचे अकरा रुपये. उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, पण आपण दिवसातून दोनदाच धरलं तरी रोजचे बावीस आणि ट्यूब वीस दिवसांत खलास. मेसचा डबा आणि बसचा पास सांभाळून राहणाऱ्या मुलामुलींसाठी ही छोटी रक्कम नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. महागडी ट्यूब घेऊन वाटाण्याएवढी लावण्यापेक्षा स्वस्तातली, मोठ्या पॅकची घ्या आणि भरपूर लावा. किंमत आणि संरक्षण यांचा थेट संबंध नाही. जास्तीचे पैसे बऱ्याचदा जातात ते पोत, वास, पॅकिंग आणि मॉडेलच्या मानधनात. दुसरं, चेहऱ्याचा जेवढा भाग कापडाने झाकता येईल तेवढा झाका, म्हणजे क्रीम उरलेल्या भागापुरतं लागेल. रुंद काठाची टोपी एकदा घेतली की तिला दर दोन तासांनी लावावं लागत नाही.

स्कार्फवाल्या मुली बरोबरच होत्या

पुण्यातल्या टू-व्हीलरवर डोळे सोडून सगळं गुंडाळलेल्या मुलींवर किती जोक झाले, मोजदाद नाही. पण ऊन अडवायचं म्हणाल तर तो स्कार्फ एक नंबर उपाय आहे. फक्त कापड बघून घ्या. घट्ट विणीचं, जरा गडद रंगाचं आणि कोरडं कापड जास्त अडवतं. पातळ पांढरा कॉटन दिसायला थंड, पण बरेच किरण आत सोडतो, आणि भिजला की आणखी. सोपी चाचणी म्हणजे कापड उजेडासमोर धरा. पलीकडचं जेवढं दिसतं, तेवढं ऊनही येणार. स्कार्फ घासून सनस्क्रीन पुसलं जातं हेही खरं, त्यामुळे कॉलेजला पोचून स्कार्फ सोडल्यावर बाहेर थांबायचं असेल तर पुन्हा लावा.

मुलांचं काय? ‘सनस्क्रीन मुलींचं असतं’ म्हणणाऱ्यांनी जुन्या मॅचेस काढून बघाव्यात. अॅलन डोनाल्ड गालांवर पांढरे पट्टे ओढून बॉलिंग टाकायचा, अँड्र्यू सायमंड्सचे ओठ पांढरे असायचे. ती जिंकची पेस्ट होती, म्हणजे सनस्क्रीनच. दिवसभर मैदानावर उभं राहणाऱ्याला त्याची गरज कुणी पटवून द्यावी लागत नाही. आपल्याकडे पोलीस भरतीसाठी ग्राउंड मारणारे, एनसीसीच्या परेडला उभे राहणारे, एनएसएसच्या कॅम्पमध्ये आठवडाभर बंधारा बांधणारे, सुट्टीत बाइकवरून डिलिव्हरी करणारे, यांच्या चेहऱ्यावर मेकअपवाल्यांपेक्षा जास्त ऊन पडतं.

डब्यावरचा आकडा खरा कशावरून?

हा प्रश्न हल्ली फार गंभीर झालाय. डिसेंबर २०२० मध्ये प्युरिटो या कोरियन ब्रँडचं एक अतिशय लोकप्रिय सनस्क्रीन स्वतंत्रपणे तपासलं गेलं. डब्यावर ५०+ होतं, चाचणीत आलं १९ च्या आसपास. के-ब्यूटीच्या चाहत्यांना तो मोठा धक्का होता. जून २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने वीस सनस्क्रीन तपासली, त्यातली सोळा डब्यावरच्या आकड्यापर्यंत पोचली नाहीत. एकाला तर ५०+ च्या जागी ४ मिळाले, आणि काही आठवड्यांनी कंपनीला ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. हे त्या देशात, जिथे सनस्क्रीनवर औषधांसारखं नियंत्रण आहे. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतातल्या दोन मोठ्या कंपन्या एसपीएफच्या दाव्यांच्या जाहिरातीवरून कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा बातम्यांमुळे का होईना, हा विषय घराघरात पोचला.

मग तुम्ही-आम्ही करायचं काय? घरी बसून एसपीएफ मोजता येत नाही. रीलमध्ये यूव्ही कॅमेऱ्याखाली चेहरा काळा दिसतो, किंवा रंग बदलणारं कार्ड दाखवतात, ते बघायला मजेशीर आहे. पण त्या कॅमेऱ्यात जे दिसतं ते मुख्यतः यूव्हीए, भाजणारे यूव्हीबी नाहीत. तेव्हा त्यावरून ‘हे ५० आहे’ असं कुणी म्हणालं तर सोडून द्या.

करता येण्यासारखं हे आहे की कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ईमेल करून विचारा : एसपीएफची चाचणी माणसांच्या त्वचेवर केली आहे का, आयएसओ २४४४४ या पद्धतीने केली आहे का, रिपोर्ट दाखवाल का? काही कंपन्या सरळ देतात. काही ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ असं गुळमुळीत उत्तर देतात, त्याचा एसपीएफशी काही संबंध नसतो. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे बघा. बाहेरून आलेल्या प्रसाधनांवर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. अर्ध्या किमतीतल्या कोरियन ट्यूबवर तो नसेल, तर स्वस्ताई कशामुळे आहे ते कळलं. आणि घेतलेली ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलच्या डिकीत तिचं पाणी वेगळं आणि तेल वेगळं होतं.

चेहऱ्याला सोसेल असं

भरपूर लावायचं तर ते चेहऱ्याला सोसलं पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत ट्यूब कपाटात जाते. मिनरल सनस्क्रीनमध्ये जिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्वचेला सौम्य, डोळ्यांत गेलं तरी कमी झोंबतं. पण सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. ज्यांना ‘केमिकल’ म्हणतात त्यांचा पांढुरका थर येत नाही, मात्र घामाबरोबर काहींचं डोळ्यांत उतरतं आणि मग ट्रेकभर माणूस रडत चालतो. (‘मिनरल किरण परतवतं आणि केमिकल शोषतं’ हे जे सगळीकडे सांगतात तेही अर्धंच खरं. मिनरलसुद्धा बहुतांश किरण शोषूनच घेतं.) मधला मार्ग म्हणजे चेहऱ्याला जेल किंवा हलकं क्रीम आणि डोळ्यांभोवती, नाकावर, कानांवर जिंकची स्टिक. स्टिक एकदा फिरवून भागत नाही, तीन-चार वेळा फिरवा.

वांग किंवा पिंपल्सचे काळे डाग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्या. असे डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. पोहणार असाल किंवा घाम खूप येत असेल तर ‘वॉटर रेझिस्टंट’ हवंच, आणि किती मिनिटांसाठी ते लिहिलंय का बघा. नवीन ट्यूब ट्रिपच्या सकाळी पहिल्यांदा उघडू नका. आधी दोन-तीन दिवस जबड्याखाली लावून बघा. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, मेकअप त्याच्यावर, त्यात मिसळून नाही. कान, केसांची कड, मानेची मागची बाजू आणि पापण्या हमखास राहतात. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी यूव्ही कॅमेऱ्याने पाहिलं, तर लोक चेहऱ्याचा जवळपास दहा टक्के भाग सोडून देतात, त्यात पापण्या आणि डोळ्यांचे आतले कोपरे सर्वांत जास्त. कॅमेऱ्याचा हा उपयोग मात्र चांगला.

आणि एक विनंती. ‘ब्राइटनिंग’, ‘ग्लो’, ‘डी-टॅन’ असं लिहिलेलं बघून सनस्क्रीन निवडू नका. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून ‘फेअर’ काढलं, पण जाहिरातींच्या डोक्यातून तो शब्द गेलेला नाही. उन्हापासून वाचायचं ते भाजू नये म्हणून. गोरं दिसायला म्हणून सनस्क्रीन घेतलं, की दोन आठवड्यांत रंग उजळला नाही म्हणून ते बंद होतं.

याच नादात मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबबद्दल बोलायलाच हवं. ‘आठवड्यात गोरं’ करणाऱ्या बऱ्याच क्रीम्समध्ये स्टिरॉइड असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल राहते आणि दहा मिनिटांच्या उन्हातही जळते. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती हातोहात मिळतात. तुमचा चेहरा जरा उन्हात गेल्यावर आग आग होत असेल आणि अशी ट्यूब तुम्ही लावत असाल, तर कुठलंही सनस्क्रीन तुम्हाला वाचवणार नाही. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपरच्या पैशात दाखवता येतं. काही गोळ्यांनीही ऊन जास्त लागतं. पिंपल्ससाठी दिली जाणारी आणि पावसाळ्यात लेप्टोसाठीही मिळणारी डॉक्सिसायक्लिन त्यातलीच एक.

लिंबाचंही तसंच. टॅन घालवायला लिंबू चोळून उन्हात गेलात तर लिंबाचा रस आणि ऊन यांच्या संगनमताने त्वचेवर फोड आणि काळे चट्टे उठतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. खोबरेल तेल केसांना लावा. ते सनस्क्रीनच्या जागी चालत नाही.

आणि भाजलंच तर

सावलीत या आणि गार पाण्याचा ओला रुमाल पंधरा-वीस मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. बर्फ थेट नको, टूथपेस्ट नको, हळद-बेसन तर अजिबात चोळू नका. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल ओलसर त्वचेवर लावा. पाणी प्या. दुखत असेल तर पॅरासिटॅमॉल चालते. फोड आले, ताप-थंडी भरली, मळमळायला लागलं किंवा डोळे सुजले तर ग्रुपवर उपाय विचारत बसू नका, डॉक्टर गाठा. सालं निघत असतील तर ती ओढून काढायची नाहीत, आपोआप पडू द्या. खाली नवी त्वचा असते आणि तिला सनस्क्रीनही झोंबतं. तो आठवडा ट्यूब बाजूला ठेवा आणि स्कार्फ किंवा टोपी वापरा. घरात स्कार्फ नसेल तर आईची जुनी कॉटनची ओढणी दुहेरी करून बांधा.